शिशाच्या सवयी, पोलादाचा छर्रा

पाणपक्ष्यांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत बंदुका दुरुस्त करणाऱ्यांच्या बाकावर एकच प्रश्न येऊन पडतो: या बंदुकीत स्टील चालेल का? विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. माझं पोट याच कामावर असलं तरी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा कारागीर मला पटत नाही. हा प्रश्न नुसत्या बंदुकीचा नाही. नळी, चोक (म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण), काडतूस आणि पल्ला या चारांची जुळणी होते की नाही, असा तो आहे. यातली एक गोष्ट चुकली की उरलेल्या तिन्ही बरोबर असूनही काम बिघडतं. इतकी वर्षं फुगलेल्या नळ्या आणि अडकलेले चोक पाहून माझं मत ठाम झालं आहे. पोलादी छर्रा मुळात धोकादायक नाही आणि दुबळाही नाही. शिशाच्या सवयी ठेवून तो वापरला, तर मात्र तो दोन्ही होतो. नळीला कडं पडणं आणि बदक जखमी होऊन लव्हाळ्यात निसटून जाणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगितल्या जातात. त्यांचं मूळ एकच आहे.

शिसं का गेलं, हे थोडक्यात सांगायला हवं. बदकं चिखल चाळताना दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, आणि छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. पेषणीत तो झिजतो, आम्लात विरघळतो, रक्तात उतरतो. एखाद-दुसरा छर्राही बदकाला मारायला पुरतो, आणि ते मरण आठवडे घेतं: पंख लोंबतात, अंग सुकतं, पाखरू लपून बसतं आणि कुणाच्या मोजणीत येत नाही. अशा विषबाधेबद्दल निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 मध्येच लिहिलं होतं. इलिनॉयचे जीवशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोझ यांनी 1959 मध्ये अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतली दोन ते तीन टक्के पाणबदकं दरवर्षी शिशाने मरतात. मेलेली, आजारी किंवा छर्रा अंगात घेऊन फिरणारी बदकं खाऊन गरुडांनाही तेच विष मिळत होतं. 1987 पासून टप्प्याटप्प्याने आणि 1991 पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यावर बंदी आली. मिसिसिपीच्या पट्ट्यात पुढे हजारो बदकांच्या पेषण्या तपासल्या गेल्या. त्यावरून मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू सुमारे 64 टक्क्यांनी घटल्याचा, आणि एकट्या 1997 च्या शरदातल्या थव्यांत साधारण 14 लाख बदकं वाचल्याचा हिशेब निघाला. एका नियमाचं फळ इतकं स्पष्ट दिसावं, असं वन्यजीवांच्या क्षेत्रात फारसं घडत नाही.

आपल्याकडे भारतात ही शिकार कायद्याने बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मलाही वाटतं. तरी नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे तलवार बदक आणि थापट्या उत्तरेकडून येतात. वाटेतल्या कुठल्या देशात कसला छर्रा वापरतात, याच्याशी त्यांच्या जगण्याचा संबंध आहे. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

आता धातूकडे. शिशाची घनता सुमारे 11.3, तर पोलादाची 7.9 च्या आसपास. म्हणजे त्याच आकाराचा पोलादी छर्रा जवळपास 30 टक्के हलका. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो आणि लक्ष्यात कमी खोल जातो. यावरचा उपाय साधा आहे: दोन नंबर मोठा छर्रा घ्या. अमेरिकेतल्या नंबरांची खूण सोपी आहे. 17 मधून नंबर वजा केला की इंचाच्या शंभराव्या भागांत व्यास मिळतो. चार नंबर म्हणजे 0.13 इंच, दोन नंबर म्हणजे 0.15 इंच. शिशाच्या चार नंबरचा एक दाणा आणि पोलादाच्या दोन नंबरचा एक दाणा वजनाला जवळपास सारखे भरतात, पोलादाचा किंचित जडच. तरी हिशेब पुरता मिटत नाही. मोठ्या दाण्याला हवा जास्त अडवते, आणि तेवढ्याच वजनाचा माल काडतुसात सुमारे 44 टक्के जास्त जागा खातो. पावणेतीन इंची काडतूस अपुरं वाटू लागलं आणि तीन इंची सर्रास झालं, ते यामुळे. 1988 मध्ये मॉसबर्ग आणि फेडरल या कंपन्यांनी साडेतीन इंची बारा बोअर बाजारात आणलं, तेही याच अडचणीतून. आपण ज्याला 'स्टील' म्हणतो ते खरं तर तापवून मऊ केलेलं, जवळजवळ कार्बन नसलेलं लोखंड असतं. बेअरिंगच्या गोळ्या त्याहून कितीतरी कठीण असतात. त्या काडतुसात भरायची कल्पना घरी काडतुसं भरणाऱ्या एखाद्याला अधूनमधून सुचतेच, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तरी हा मऊ छर्राही शिशाच्या मानाने फार कठीण, आणि नळीच्या तोंडाशी खरा फरक पडतो तो इथे. फुल चोकमध्ये नळी शेवटच्या काही सेंटिमीटरांत साधारण एक मिलिमीटरने आवळलेली असते. सोऱ्यातून चकलीचं पीठ दाबावं तसं शिसं त्या अरुंद जागेतून निघतं, दाणे चपटतात आणि वाट काढतात. त्याच सोऱ्यात पिठाऐवजी कोरडे हरभरे भरले तर दाब सोऱ्याच्या भिंतीवर येणार. मोठा पोलादी छर्रा घट्ट चोकमध्ये तेच करतो. दाणे एकमेकांत अडतात, क्षणभर कमान धरतात, आणि तो ताण चोक सुरू होतो तिथे नळीवर पडतो. नळी सहसा फाटत नाही, तिला बाहेरून एक बारीक कडं उमटतं. उजेडाकडे धरून आतून पाहिलं तर सावलीची रेघ तुटलेली दिसते. जोडनळीच्या बंदुकीत त्यामुळे मधल्या पट्टीचा झाळ सुटू शकतो. आटे असलेल्या चोकचं नुकसान दिसायला कमी, त्रासाला जास्त. आतला चोक थोडा पसरतो, आट्यांत रुतून बसतो, आणि मोसम संपल्यावर पान्याला दाद देत नाही.

गंमत अशी, की एवढा घट्ट चोक पोलादाला लागतच नाही. शिशाचे दाणे नळीत चपटतात आणि चपटे दाणे हवेत भरकटतात, म्हणून त्यांना आवळून सोडावं लागायचं. पोलादी दाणा गोलच राहतो, त्यामुळे त्याचा मारा आपोआप दाट पडतो. मॉडिफाइड, म्हणजे फुलच्या निम्म्याने आवळलेल्या चोकमधून निघालेलं पोलाद साधारण शिशाच्या फुल चोकइतकं दाट जातं. म्हणजे नळीला जे सुरक्षित, तेच माऱ्यालाही पुरेसं. तरी बापाच्या बंदुकीवर फुल चोक होता म्हणून मुलगाही फुल चोकच मागतो. युरोपातल्या प्रूफ, म्हणजे बंदुकीच्या दाब-चाचणीच्या नियमांनी हे लिहूनच ठेवलं आहे. साध्या पोलादी काडतुसाला दाबाची मर्यादा 740 बार, जोरकस काडतुसाला 1050 बार. जोरकस काडतूस फक्त स्टीलसाठी तपासून फ्लर-द-ली या फुलाचा छाप मारलेल्या नळीतच वापरायचं, आणि छर्रा 4 मिलिमीटरहून मोठा असेल तर चोक अर्ध्याहून घट्ट नको. अमेरिकेत सरकारी प्रूफ-घर नाही. बंदूक बनवणाऱ्याचा शब्द हाच इथला छाप. म्हणून एखाद्या नळीबद्दल कंपनीची सूचना काय आहे, ते वाचून दाखवणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे, आणि ग्राहकाला सर्वांत नावडता.

काडतुसाबद्दल बेफिकिरी जास्त दिसते, कारण बाहेरून सगळी काडतुसं सारखीच. पोलादी काडतुसात छर्ऱ्याभोवती जाड, चिवट प्लॅस्टिकचा पेला असतो. नळीला छर्रा घासू न देणं हे त्याचं काम. 'स्टील नळी खरवडतं' ही तक्रार बऱ्याच अंशी सुरुवातीच्या वर्षांतली आहे. या पेल्यात आणि योग्य नळीत आजचं काडतूस तसं सहसा करत नाही. पण घरी काडतुसं भरणाऱ्याने शिशाचा पातळ पेला घेतला किंवा शिशासाठीची दारू तेवढ्याच मापाने घातली, तर गोष्ट वेगळी. पोलादाचा थर दबत नाही, त्यामुळे जलद जळणाऱ्या दारूचा दाब एकदम चढतो. स्टीलसाठी छापलेली कृती जशीच्या तशी पाळायची, त्यात एकही वस्तू बदलायची नाही. इथे अंदाजाला जागा नाही. दुसरी गोष्ट गंजाची. ओल्या जाकिटाच्या खिशात राहिलेल्या काडतुसात पाणी शिरलं की लोखंडी दाणे गंजून एकमेकांना चिकटतात, आणि शंभर दाण्यांऐवजी एक ढेकूळ चोककडे धावतं. तोंड उकललेलं, फुगलेलं, पितळेवर हिरवट डाग पडलेलं काडतूस टाकून द्यावं. त्याची किंमत नळीपुढे काहीच नाही.

चेंबरची लांबी हा आणखी एक सापळा. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बिनतक्रार बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार होताना ते उलगडतं, चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि वाट अरुंद करतं. जुन्या नळीवर लांबी कोरलेली असेलच असं नाही, म्हणून ती मापून घ्यावी. वीस बोअरची काडतुसं पिवळी का असतात, हेही याच वेळी सांगून टाकतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. त्यामागे बारा बोअरचं भरून चाप ओढला तर नळी फाटते, आणि पुढचा हात नेमका तिथेच असतो; ही गल्लत होऊ नये म्हणून तो पिवळा रंग. चिखल, बर्फ आणि नळीत राहिलेला पेला यांचीही तीच जात. पाणथळीत एकदा पाय घसरला की नळीचं तोंड चिखलात जातं. नळी फाटण्याचं खापर स्टीलवर फोडलं जातं, पण अशा फाटलेल्या नळीत मी आधी अडथळ्याची खूण शोधतो. छर्रा पोलादाचा असो की शिशाचा, बंदूक उघडून, काडतूस काढून, आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा बार नाही. पोलादाचा एक दोष मात्र खरा मानावा लागतो. तो दगडावर, बर्फावर आणि लोखंडावर आदळून उसळतो. शिसं आदळलं की चपटं होऊन बरंचसं बळ तिथेच टाकतं, पोलाद परत येतं. मारा तपासायला लोखंडी पत्रा लावायचा रिवाज शिशाच्या काळातला, तो सोडावा आणि मोठा कागद ताणावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. सोबत्यांच्या आणि कुत्र्याच्या डोळ्यांचा विचार करून खालच्या कोनातला बार टाळावा.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. स्टीलने पाखरू मरत नाही, जखमी होऊन उडून जातं, आणि विषबाधेतून वाचवलेल्या बदकांचा हिशेब इथे उलटा फिरतो, असं अनेक जुने शिकारी मनापासून सांगतात. हा आक्षेप टिंगलीने उडवण्यासारखा नाही, कारण 1970 च्या दशकातली पोलादी काडतुसं खरोखरच मंद आणि सुमार होती. पण पुराव्याकडे पाहिलं तर दोष धातूचा कमी आणि पल्ल्याचा जास्त दिसतो. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने 2008 आणि 2009 मध्ये कबुतरांच्या शिकारीवर एक प्रयोग केला. काडतुसं दिसायला सारखी होती, आणि कोणात शिसं, कोणात पोलाद, हे ना शिकाऱ्याला माहीत होतं ना शेजारी उभ्या निरीक्षकाला. हाती आलेली पाखरं आणि जखमी होऊन गेलेली पाखरं यांच्या प्रमाणात धातूमुळे फरक पडला नाही, आणि शिकाऱ्यांना आपण काय झाडतो आहोत हे ओळखताही आलं नाही. कबुतर लहान आणि जवळचं, तेव्हा हा निकाल हंसाला जसाच्या तसा लागू करणं बरोबर नाही. हंसांचं उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे शिसं सर्रास चालू होतं तेव्हा, गुलाबी पायांच्या हंसांची क्ष-किरण तपासणी झाली. पहिल्या वर्षाच्या पिल्लांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या आणि मोठ्या हंसांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांच्या अंगात छर्रे सापडले. शिशाच्या दिवसांत पाखरं जागेवर पडत होती या आठवणीवर हा चांगलाच प्रश्न आहे. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचा छर्रा सगळ्याच शिकारीत बंद केला, आणि पुढच्या वर्षी जखमी पाखरं कमी करण्याची मोहीम काढली. तिचा भर जवळून मारण्यावर होता. पोलाद आलं, आणि जखमी हंसांचं प्रमाण त्यानंतर घटलं.

यावर कोणी म्हणेल, की मग पल्लाच कमी झाला ना, म्हणजे स्टील कमी पडतं हे सिद्धच झालं. अर्धं खरं आहे. फार लांब पल्ल्यावर मोठ्या शिशाला पोलाद हरवू शकत नाही, आणि घनतेच्या हिशेबापुढे जाहिरातीचं काही चालत नाही. पण त्या पल्ल्यावर किती जणांना खरंच मारता येतं? माझ्या पाहण्यात अंतराचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. आकाशात मोजपट्टी नसते, आणि 60 यार्डांवरचा हंस त्याच्या आकारामुळे 40 वर भासतो. टॉम रोस्टर यांनी वर्षानुवर्षं बिनविषारी छर्ऱ्याच्या चाचण्या करून जे तक्ते केले, त्यांचा गाभा नेम किंवा वेग हा नसून दाण्यांची मोजणी आहे. मॅलार्डसारख्या मोठ्या बदकासाठी 30 इंचांच्या वर्तुळात सुमारे 85 दाणे पडले पाहिजेत, आणि तेही आपण ज्या अंतरावर मारणार त्या अंतरावर. हे कागदावर मोजूनच कळतं. एक कागद, एक पेन्सिल, आपला चोक, आपलं काडतूस. एवढं करणारे थोडेच. बाकीचे त्याऐवजी जास्त वेगाचं महाग काडतूस घेतात. गोल दाण्याचा वाढीव वेग हवेत फार लवकर गळून जातो, राहतो तो खांद्याला बसणारा धक्का आणि त्या धक्क्याच्या भीतीने हललेला नेम. साडेतीन इंची काडतुसाचं मला मुळीच वावडं नाही, पण ते 30 यार्डांवर दोन नंबर छर्ऱ्याने होणाऱ्या कामासाठी घेतलं जातं तेव्हा हसू येतं.

नियम पाळले जात नाहीत तिथे काय होतं, तेही नोंदवायला हवं. इंग्लंडमध्ये 1999 पासून बदकांसाठी शिसं बंद आहे. तरी दशकभरानंतर बाजारातून विकत घेतलेल्या बदकांची तपासणी झाली तेव्हा सुमारे 70 टक्के शिशानेच मारलेली निघाली. स्टीलची भीती आणि कायद्याचा ढिलेपणा एकत्र आले की असं होतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला जाताना शिशाची काडतुसं नुसती जवळ असणंही गुन्हा आहे. पहारेकरी खिसे तपासतो. त्यामुळे इथे वाद तत्त्वाचा राहिला नाही, बंदुकीच्या जुळणीचा राहिला. कारागिराच्या दृष्टीने हे बरंच झालं.

राहिली आजोबांची बंदूक. या बाबतीत मी नाही म्हणतो, आणि ठामपणे म्हणतो. दमास्कस नळी, जुन्या इंग्लिश जोडनळीच्या हलक्या बंदुका, पातळ भिंत आणि घट्ट, पक्का चोक असलेली नळी यांत पोलाद घालू नये. बेल्जियममध्ये बनलेल्या ब्राउनिंग ऑटो-5 च्या नळीत आणि सुपरपोज्ड बंदुकीत स्टील वापरू नका, असं खुद्द ब्राउनिंग सांगते. ऑटो-5 ला मात्र नंतरची, बदलत्या चोकची नळी लावता येते. चोक रीमरने मोकळा करून द्या, अशी मागणी येते. त्याने कडं पडायचा धोका कमी होतो, पण भिंत जाड होत नाही आणि पोलाद मऊ होत नाही. वर एका चांगल्या बंदुकीची किंमत उतरते ती वेगळीच. अशा नळीला बिस्मथ द्यावं. बिस्मथ-कथील मिश्रणाची घनता 9.6 च्या आसपास, म्हणजे पोलाद आणि शिसं यांच्या मधली. धातू मऊ, चोकमध्ये शिशासारखा वागणारा, आणि अमेरिकेत मान्यताप्राप्त. चेंबरची लांबी आणि काडतुसाचा दाब मात्र तिथेही जुळायलाच हवा, आणि दमास्कस असेल तर आधी नळी जाणकाराकडून मापून घ्यायला हवी. बिस्मथ महाग आहे, पोलादाच्या कित्येक पट. हा आक्षेप मला मान्य आहे. पण मोसमात दोन-चार सकाळी त्या बंदुकीसाठी एक पेटी बिस्मथ पुरते, बाकीच्या दिवसांसाठी मॉडिफाइड चोकची कुठलीही साधी नवी पंप बंदूक आणि तीन इंची दोन नंबरचं स्टील. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात आणि जाकिटाचे खिसे निघण्यापूर्वी उलटे करून पाहावेत. मागच्या मोसमातलं एखादं काडतूस अस्तरात राहिलेलं असतंच.